गॅरेजमधले विमान आणि पहिले पाचशे फूट

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणे हा कायदेशीर छंद आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केले असेल, तर ते विमान 'प्रायोगिक' म्हणून उडवता येते. 1953 मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनने या छंदाला शिस्त आणि गोतावळा दिला. या कारागिरीबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा 2012 चा अभ्यास बोचतो. छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमाने जेमतेम 10 टक्के. पण 2011 च्या अपघातांत त्यांचा वाटा 15 टक्के आणि प्राणघातक अपघातांत 21 टक्के. कारणांत इंजिनाचा बिघाड आणि ताबा सुटणे ही दोन सर्वांत पुढे, आणि उड्डाणानंतरच्या पहिल्या काहीशे फुटांत एकातून दुसरे उद्भवते. दोष सहसा वैमानिकाच्या त्या काही सेकंदांतल्या कौशल्याला दिला जातो. माझ्या मते निकाल बहुतेक वेळा चाके हलण्याआधीच लागलेला असतो.

कारखान्यात प्रमाणित झालेले इंजिन बसवले की चिंता मिटली, असे अनेकांना वाटते. पण प्रमाणपत्र इंजिनाचे असते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळ्या, गाळणी, टाकीत हवा घेणारे छिद्र, गरम इंजिनाजवळून गेलेली वळणे हे सगळे बांधणाऱ्याच्या हातचे. जमिनीवर, आडव्या अवस्थेत, मंद गतीत हे सगळे बिनतक्रार चालते. उड्डाणात एकाच वेळी इंधनाची मागणी सर्वाधिक होते, नाक वर जाते, टाकीतले इंधन मागे सरकते, आणि इंजिन टाकीखाली असेल तर दोघांतला उंचीचा फरक घटतो. त्यात उन्हात उभ्या विमानाच्या तापल्या नळीत इंधनाची वाफ धरली, तर प्रवाह तुटतो. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये साठलेल्या इंधनावर विमान जमीन सोडते, आणि परतीची सोय उरत नाही तिथे इंजिन थांबते. याची परीक्षा जमिनीवर होऊ शकते: नाक चढाईच्या कोनात उचलायचे, नळी इंजिनापासून सोडवायची आणि डब्यात पडणारे पेट्रोल मोजायचे. केवळ गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या रचनेत पूर्ण जोराच्या गरजेच्या दीडपट प्रवाह हवा. ताशी 50 लिटर लागणाऱ्या इंजिनाला 75. एका दुपारचे हे काम टाळण्याला माझ्या लेखी कोणतेही समर्थन नाही.

इंजिन थांबल्यावर धावपट्टीकडे वळायचे की समोर उतरायचे, हा जुना वाद. पुरेशा उंचीवर वळणे शक्य आहे, हे सरावाने सिद्ध झाले आहे, आणि हा आक्षेप रास्त आहे. पण 180 अंश वळून विमान धावपट्टीच्या बाजूला समांतर येते. तिच्यावर यायला आणखी वळावे लागते. उंची राखत 45 अंश कललेल्या विमानाचा पंख सरळ उड्डाणापेक्षा सुमारे 19 टक्के जास्त वेगालाच हवेची पकड सोडतो. शिवाय ज्या वाऱ्याकडे तोंड करून उडालो तोच आता पाठीशी: 60 नॉटच्या विमानाला 10 नॉटचा वारा असेल, तर जमिनीला टेकताना वेग 50 ऐवजी 70, म्हणजे आघाताची ऊर्जा जवळपास दुप्पट. कारखान्यातल्या विमानाचे आकडे पुस्तिकेत सापडतात. नुकत्याच बांधलेल्या विमानाला वळायला किती उंची लागते, हे ते सुरक्षित उंचीवर मोजून पाहीपर्यंत कुणालाच ठाऊक नसते. तोवर समोरचे शेत हाच पर्याय, आणि तो निर्णय धावपट्टीच्या टोकाशी उभे असतानाच घेतलेला बरा.

1997 मध्ये गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू अशाच, नुकत्याच विकत घेतलेल्या लाँग-ईझेड विमानात झाला. बांधणाऱ्याने टाकी बदलण्याचा खटका वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे, हात सहज पोचणार नाही असा बसवला होता. तो फिरवण्याच्या धडपडीत ताबा सुटला. चौकशीत इंधन न भरण्याबरोबर त्या खटक्याच्या जागेलाही जबाबदार धरले गेले. नियम वाढले तर छंद मरेल, ही भीती मात्र खोटी नाही. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांचे विमान 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. उडवण्याची परवानगी 2019 मध्ये मिळाली. पण कागदांची चळत आणि डब्यात मोजलेले पेट्रोल या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेने 2014 पासून चाचणी उड्डाणात दुसऱ्या, पात्र वैमानिकाला सोबत घेण्याची मुभा दिली. हा नियम हौशी माणसाचा हात धरतो, अडवत नाही. इंधनप्रवाहाच्या मोजणीलाही अशीच जागा हवी, आणि जुने घरगुती विमान विकत घेणाऱ्याने पहिल्या उड्डाणाआधी ती पुन्हा करायला हवी.