झिजण्यासाठी बांधलेला तळ

अमेरिकेतल्या जुन्या शेव्हरोले पिकअपच्या हौद्यात डोकावलं तर पत्रा दिसत नाही. केबिनपासून मागच्या फाळक्यापर्यंत लाकडाच्या सलग फळ्या दिसतात आणि दर दोन फळ्यांच्या मध्ये एक अरुंद पोलादी पट्टी. ही मालकाने हौसेने केलेली सजावट असावी, असं नवख्याला वाटतं. पण कारखान्यातून ही गाडी अशीच बाहेर पडत असे. चाकांवरचे फुगीर मडगार्ड हौद्याच्या बाहेर असलेल्या ‘स्टेपसाइड’ शेव्हरोलेमध्ये लाकडी तळ १९८७ पर्यंत टिकला. आज या गाड्या पुन्हा उभ्या करणारे हौशी कारागीर पाडलेल्या कोठारांचं आणि बंद पडलेल्या गिरण्यांचं लाकूड आणून हा तळ नव्याने बांधतात. त्यांच्या कामाकडे जितकं बारकाईने पाहावं, तितका त्या मूळ रचनेबद्दलचा आदर वाढतो.

सुरुवातीच्या काळात हौदा कारखान्याकडून मिळेलच असं नव्हतं. १९१८ साली शेव्हरोलेने ‘४९०’ या मोटारीवर आधारलेली हलकी मालगाडी काढली, ती नुसती चासी आणि पुढचा पत्रा एवढ्यावरच विकली जाई. केबिन आणि हौदा गिऱ्हाइकाने आपल्या सोयीने बांधून घ्यायचा. १५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी’ ही हौद्यासकट गाडी २८१ डॉलरना बाजारात आणली आणि पिकअप हा तयार माल झाला. महाराष्ट्रातल्या वाचकाला ती जुनी पद्धत परकी वाटू नये. चासी विकत घ्यायची आणि बॉडी बांधणाऱ्याकडे सोडायची, हा व्यवहार आपल्या ट्रकमालकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

हौदा तयार मिळू लागला, बाजू पोलादाच्या झाल्या, तरी तळाला लाकूडच राहिलं. यामागे व्यवहार होता. पत्र्यावर दगड किंवा इंजिन आदळलं की खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं, रंग उडालेला असतो, तिथे गंज धरतो. लाकूड तोच घाव पोटात घेतं. ओरखडा उठतो, पण काम थांबत नाही. ओल्या पत्र्यावर खोकी घसरतात, लाकडावर ती तुलनेने जागची हलत नाहीत. आणि एखादी फळी फुटलीच तर तेवढी एक फळी बदलता येते.

तेवढी एकच फळी बदलता येणं, हा या रचनेचा प्राण आहे. १९४७ च्या उन्हाळ्यात आलेल्या शेव्हरोलेच्या ‘अॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतल्या अर्ध्या टनी पिकअपचा हौदा साडेसहा फूट लांब आणि चार फुटांहून थोडा रुंद. त्याच्या तळाला आडव्या पोलादी तुळया, त्यांवर पाऊण इंच जाडीच्या उभ्या फळ्या. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडांना वरच्या अंगाने उथळ खाच काढलेली असते. शेजारच्या दोन खाचांत मिळून पोलादी पट्टी बसते. पट्टीला चौकोनी भोकं, त्यांत मानेशी चौकोनी असलेले बोल्ट. त्यामुळे खालून नट आवळताना बोल्ट जागी फिरत नाही आणि एकटा माणूस हे काम करू शकतो. बोल्ट फळीतून आरपार जात नाही, दोन फळ्यांमधल्या फटीतून उतरतो. हौदा चासीला जिथे जखडतात, तेवढीच काही भोकं फळ्यांना पडतात. एरवी फळी पट्टीच्या दाबाखाली धरलेली असते, पण खिळलेली नसते.

ही मोकळीक का ठेवली, ते लाकडाचा स्वभाव पाहिला की उमगतं. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारं दार आपण सगळ्यांनी ढकललेलं आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेतल्या ओलाव्यानुसार फुगतं आणि आक्रसतं. सरळ चिरलेली पांढऱ्या ओकची १५० मिलिमीटर रुंदीची फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर ती सुमारे दोन मिलिमीटर हलते. अशा आठ फळ्या एकमेकींना सरस लावून घट्ट चिकटवल्या तर सगळ्या तळाची हालचाल सोळा-सतरा मिलिमीटरवर जाते. मग एक तर लाकूड तडकेल, नाही तर हौद्याच्या बाजू फाकतील. फळ्या सुट्या ठेवल्या की ही हालचाल आठ जागी वाटली जाते आणि पट्टीखालच्या फटीत मुरते. शिवाय वरून ओढल्या जाणाऱ्या मालाचं घर्षण पट्टी सोसते आणि लाकडाची झीज कमी होते.

अशा तळासाठी जुनं लाकूड शोधणाऱ्यांना अमेरिकेत दोन मोठे साठे सापडतात. एक म्हणजे शेतावरची जुनी कोठारं, त्यांतला ओक. दुसरा, दक्षिणेतल्या कापडगिरण्या आणि गुदामं, त्यांतल्या लाँगलीफ पाइनच्या तुळया. या पाइनची जंगलं एके काळी आग्नेय अमेरिकेत सुमारे ९ कोटी एकरांवर होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांतली पाच टक्केही उरली नव्हती. सावकाश वाढलेल्या, राळेने भरलेल्या त्या झाडांचा गाभा आता नव्या लाकडाच्या वखारीत सहज मिळत नाही. तो पाडलेल्या इमारतींतूनच काढावा लागतो.

ओकमध्येही निवड करावी लागते. लाल ओकच्या नळ्या मोकळ्या असतात. छोट्या तुकड्याच्या एका टोकाला फुंकर घातली तर दुसऱ्या टोकाने हवा निघते. पांढऱ्या ओकच्या गाभ्यात या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून बुजतात. म्हणून व्हिस्कीची पिंपं पांढऱ्या ओकची करतात आणि पाऊस झेलणाऱ्या हौद्यालाही तोच शोभतो.

जुनं लाकूड आता हलायचं थांबलं, असा समज सर्रास असतो. तो खरा नाही. शंभर वर्षांची फळीही पावसात फुगते. तिचा फायदा वेगळा आहे: ओलं लाकूड वाळताना जो पीळ आणि वाक घेतं, तो ह्या फळीने कधीच घेऊन झालेला असतो. तरीही कोठारातून आणलेली फळी थेट रंध्याखाली घालत नाहीत. आधी ओलावा मोजायचा, उघड्यावरच्या वापरासाठी तो बारा टक्क्यांच्या आसपास स्थिरावू द्यायचा. मग खिळे. दिसतात ते उपटायचे आणि डोकं तुटून आत राहिलेल्यांसाठी धातुशोधक फिरवायचा, कारण असा एक खिळा रंधायंत्राच्या पात्यांची धार घालवतो. बारीक ताजा भुसा सांडणारी छिद्रं दिसली तर आत भुंगेरा जिवंत आहे असं समजून लाकूड भट्टीत तापवून घ्यायचं.

काही लाकूड फुकट मिळालं तरी परत पाठवावं. क्रिओसोट पाजलेले रेल्वेचे स्लीपर त्यात पहिले. मालाच्या पॅलेटवर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. ‘एचटी’ म्हणजे फक्त उष्णता दिलेली. जुन्या रंगवलेल्या फळीत शिसं असू शकतं, कारण अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. असा रंग तपासल्याशिवाय तासायचा नाही. त्याची धूळ छातीत जाते.

मग खरं सुतारकाम. फळ्या एका जाडीत आणायच्या, कडा सरळ करायच्या, सगळ्या खाचा एकाच मापात काढायच्या. एखादी खाच जरी उथळ राहिली तरी पट्टी हिंदकळते. सगळ्या फळ्या आधी कोरड्याच मांडून पाहायच्या, कारण जुन्या हौद्याचे कोपरे काटकोनात असतीलच असं नाही. ओकमधल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की काळे डाग पडतात आणि बोल्टही लवकर गंजतो, म्हणून स्टेनलेस किंवा लेप दिलेले बोल्ट वापरायचे. तेल किंवा रंग फळीच्या सहाही अंगांना द्यायचा. पाणी सर्वांत वेगाने शिरतं ते कापलेल्या टोकांतून, तिथे तर दोनदा.

प्रदर्शनात ठेवायच्या गाडीला चकचकीत वॉर्निश देतात. ते देखणं दिसतं, पण उन्हाने त्याच्याखालचं लाकूडच ढिलं होतं, वॉर्निश पापुद्र्यांनी सुटतं आणि सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते. रोज माल वाहणाऱ्या गाडीला जवसाचं किंवा टंगचं तेल बरं. ते सारखं विरतं आणि धुऊन, वाळवून पुन्हा चोळता येतं. फक्त तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप पेट घेतात. सुट्या पसरून वाळवाव्यात.

हे सगळं केवळ जुन्या गाड्यांचं वेड मानायचं कारण नाही. अमेरिकेच्या महामार्गांवर धावणाऱ्या बंद ट्रेलरचे तळ अजूनही मोठ्या प्रमाणावर चिकटवलेल्या ओकच्या पट्ट्यांचे असतात. जगभर फिरणाऱ्या जहाजी कंटेनरच्या तळाला २८ मिलिमीटरचा प्लायवूड असतो. फोर्कलिफ्टचा भार सोसणं, मालाला अडसर ठोकण्यासाठी खिळा धरणं आणि खराब झालेला भाग कापून बदलता येणं, ही कामं लाकूड आजही करतं.

आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांची रचना आता उलट्या दिशेने चालली आहे. एक भाग झिजला की त्याला चिकटवलेले दहा चांगले भागही फेकावे लागतात. पिकअपचा तळ बांधणाऱ्यांनी झीज होणार हे पहिल्यापासून मान्य केलं, ती कुठे व्हावी ते ठरवलं आणि तो भाग साध्या पान्याने सुटेल असा बसवला. म्हणूनच सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी दुसऱ्या इमारतीतलं लाकूड त्या जागेत बसू शकतं आणि गाडी पुन्हा कामाला लागते. कोणतीही वस्तू घेताना तिचा आधी झिजणारा भाग कोणता आणि तो गावातला कारागीर बदलू शकेल का, हे दोन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी. टिकाऊपणाची याहून खरी परीक्षा मला ठाऊक नाही.