रॅकवरचा आळ

गगनबावड्याकडचे एक शिक्षक आपली छोटी गाडी घेऊन कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या गॅरेजात आले, तेव्हा रोगाचं नाव ते सोबतच घेऊन आले होते : स्टिअरिंगचा रॅक गेलाय. दुसरीकडे कुणीतरी गाडी एक चक्कर मारून आणून तसं सांगितलं होतं. रॅक बदलायचा म्हणजे मोठा खर्च, त्यामुळे सरांचा चेहरा उतरला होता. मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सर, आवाज कधी येतोय? खड्ड्यातनं जाताना, का उभ्या गाडीत वळवताना?"

निम्मं निदान या प्रश्नात असतं. खडबडीत रस्त्यावर खडखड वाजत असेल तर स्टॅबिलायझरची लिंक, लोअर आर्मचे बुश, टाय रॉड एंड यांच्याकडे बघायचं. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट वाजत असेल आणि वेगाबरोबर ते भरभर होत असेल, तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वळवताना घुंऽऽ असा आवाज येऊन तो इंजिनाबरोबर चढत असेल, तर तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा पंप. तिथं आधी टाकीतलं तेल कमी आहे का आणि फेसाळलंय का ते पाहायचं. फेस दिसला की कुठून तरी हवा आत शिरतेय. 1951 साली क्रायस्लर इम्पीरियलबरोबर बाजारात आलेली ही तेलाची पद्धत छोट्या गाड्यांतून आता जवळजवळ गेली आहे. सरांच्या गाडीत कॉलमवर विजेची मोटर होती. तेल नाही, पंप नाही. संशयितांची एक अख्खी रांग तिथंच बाद झाली.

"उभ्या गाडीतच येतो," सर म्हणाले. "बाहेर काढताना टंग करतं. आणि घाटात वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, मला आणावं लागतं."

मला वाटतं, मेस्त्रींना तिथंच अंदाज आला होता. पण ते काही बोलले नाहीत. अंदाज आल्यावरही क्रमाने तपासत जाणं, हीच त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

गाडी पिटवर घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांना ओंडके लावले. जॅक मुद्दाम लावला नाही. चाक लोंबकळलं की सांध्यांवरचा भार बदलतो आणि ढिला सांधाही गप्प बसतो. हाताखालचा पोरगा आत बसून इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत राहिला. खाली मेस्त्री एकेक सांधा मुठीत धरत गेले : डावा टाय रॉड एंड, उजवा टाय रॉड एंड, मग रॅकच्या रबरी बुटावरून चिमटीत धरून आतला बॉल जॉइंट, शेवटी कॉलमच्या तळाचा जॉइंट. लोखंडातून आवाज लांबवर पळतो, कान फसतो. पण झिजलेला सांधा मुठीत धरला की ठोका तिथल्या तिथे बोटांना लागतो. इथं एकही सांधा बोलला नाही. मग जॅक लावून चाक घड्याळातल्या नऊ-तीनवर आणि बारा-सहावर धरून हलवून पाहिलं. प्ले नव्हता. रॅक निर्दोष सुटला.

गाडी पुन्हा जमिनीवर टेकवली. मेस्त्रींनी चाकाच्या वरून हात घालून डाव्या शॉकअपच्या स्प्रिंगवर बोटं टेकवली आणि पोराला म्हणाले, "पूर्ण वळव. सावकाश." क्षणभराने मला बोलावलं. "तुम्ही पण बघा. बोटं बाहेरूनच लावा, वेढ्यात घालू नका." मी बोटं लावली. चाक वळत होतं, पण स्प्रिंगचा वरचा भाग जागचा हलत नव्हता. आत पीळ भरत चालल्याची बारीक थरथर जाणवली आणि एकदम उसळी मारून स्प्रिंग टंगकन सुटली. हाताला झिणझिण्या आल्या.

या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एकच पाय असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. चाकाबरोबर हा अख्खा पाय वळतो आणि त्यासाठी वर माउंटिंगखाली एक बेअरिंग असतं. ते अडकलं की स्प्रिंग फिरण्याऐवजी पिळवटते. तोच पीळ स्टिअरिंगला सरळ यायला अडवतो. आणि माउंटिंग बॉडीलाच बोल्टने बसवलेलं असल्यामुळे ठोका थेट चालकासमोर, डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. रॅकवर आळ आला तो त्यामुळे.

पुढचं काम तासांचं, पण सरळ. हा पाय चाकामागच्या नकलशी जोडणाऱ्या दोन बोल्टांपाशी आधी खूण, मग ते सैल. नकल तारेने बांधून ठेवला, ब्रेकच्या पाइपवर त्याचा भार येऊ नये म्हणून. स्प्रिंग दोन्ही बाजूंनी दाबून धरली. इथं मात्र मेस्त्रींनी पोराला बाजूला केलं. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो. मधला नट काढल्यावर बेअरिंग बाहेर आलं. घाटातला पावसाळा आणि धूळ यांचा तांबडा चिखल आत घट्ट बसला होता, गोळ्या फिरायच्या थांबल्या होत्या. उजव्या बाजूचंही त्याच वाटेवर होतं, म्हणून दोन्ही बदलली.

तपासणीचे वेगळे पैसे मेस्त्रींनी लावले नाहीत. लावायला हवे होते असं माझं ठाम मत आहे. सुटा भाग कुणीही विकत आणतो. सरांचा रॅकचा खर्च वाचला तो त्या मुठीत धरून पाहण्यामुळे, आणि आपण गिऱ्हाईक म्हणून त्या वेळेची किंमत द्यायला शिकलो तर अंदाजाने भाग बदलणं कमी होईल.

"आता इथनं थेट अलाइनमेंटला न्या," त्यांनी सरांना सांगितलं. "खूण केली तरी चाक केसभर हलतंच, आणि टायर खाल्लं की परत माझ्याकडं याल."