निकाल राखून ठेवला म्हणजे काय?

युक्तिवाद संपले की न्यायाधीश अनेकदा ‘निकाल राखून ठेवला आहे’ एवढेच सांगून उठतात. बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या मनात लगेच शंका येते : पुरावा तर सर्वांसमोर मांडला, मग आता थांबायचे कशासाठी? आपल्या समाजाचा अनुभव पाहता ही शंका अस्वाभाविक नाही. परंतु ती बहुधा चुकीच्या जागी घेतली जाते.

सोनई हत्याकांड आपल्याच जिल्ह्यातील. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात तीन तरुणांचे खून झाले. खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. अशा पुराव्याची साखळी न्यायाधीशाला कडी-कडीने तपासावी लागते, तीही प्रत्येक आरोपीपुरती स्वतंत्रपणे. नाशिकच्या सत्र न्यायालयाने १५ जानेवारी २०१८ रोजी सहा जणांना दोषी ठरविले आणि २० जानेवारीला फाशीची शिक्षा सुनावली. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकणे कायद्याने आवश्यक असते. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा कायम केली, मात्र एकास मुक्त केले. अपिलात निकालपत्रातील कारणेच तपासली जातात. घाईने लिहिलेली कारणे तेथे टिकत नाहीत, आणि त्याची किंमत पीडित कुटुंबच मोजते.

खंडपीठ मोठे असेल तर वेळ आणखी लागतो. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणावरील निकाल सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राखून ठेवला आणि १ ऑगस्टला दिला. सात न्यायमूर्तींनी मिळून सहा निकालपत्रे लिहिली होती.

अर्थात या सवलतीला मर्यादा आहे, आणि ती हवीच. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सत्र खटल्यात युक्तिवादानंतर ३० दिवसांत, कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत निकाल द्यावयाचा आहे. उच्च न्यायालयात तीन महिने उलटल्यास पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो. सहा महिन्यांनंतर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे सोपविण्याची मागणी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अनिल राय खटल्यात ठरवून दिले.

खरा घात होतो तो युक्तिवादापूर्वीच्या वर्षांत. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल लागेपर्यंत अनेक साक्षीदार फितूर झाले होते. सर्व आरोपी सुटले. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ याच काळासाठी आहे. साक्षीदारांची नावे व पत्ते गुप्त ठेवावेत, असा अर्ज पीडित, त्याचे आश्रित किंवा स्वतः साक्षीदार विशेष न्यायालयात करू शकतात. हा अर्ज साक्षी सुरू होण्यापूर्वी झाला पाहिजे.