अजिंठ्याचा बुद्ध आणि उजेडाची करामत

छत्रपती संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात धर्मचक्र प्रवर्तन मुद्रेतला बुद्ध आहे. मूर्ती पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. गाइड बॅटरीचा उजेड एका बाजूने टाकतात तेव्हा चेहरा हसरा भासतो, दुसऱ्या बाजूने टाकला की गंभीर, समोरून टाकला की ध्यानमग्न. दगड तोच, ओठांची ठेवण तीच. मग बदलते काय?

बदलते ती सावली आणि मेंदूने तिचा लावलेला अर्थ. डोळ्याच्या पडद्यावर उमटणारे चित्र सपाट असते. फुगवटा कुठे आणि खळगा कुठे, हे मेंदू उजेड-सावलीवरून ठरवतो आणि उजेड वरून येतो असे गृहीत धरतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये हे साध्या वर्तुळांतून दाखवले. वरची कड उजळ असली की वर्तुळ फुगीर दिसते. चित्र उलटे धरले की त्याचाच खळगा होतो. मोबाइलच्या पडद्यावर उठावदार बटण काढताना वरची कड उजळ ठेवतात, ती याचसाठी.

बेलह्यूमर, क्रीगमन आणि युइल या संशोधकांनी १९९७ मध्ये गणिताने आणखी पुढची गोष्ट मांडली. चकाकी नसलेली आकृती समोरून पाहिली, तर ती आणि तिचीच चेपून उथळ केलेली आवृत्ती, उजेड व रंगछटा जुळवल्यास, हुबेहूब सारख्या दिसू शकतात. दहा रुपयांचे नाणे दिव्याखाली तिरपे धरा. सिंहांचा उठाव मिलिमीटरहूनही कमी, तरी आयाळ भरदार दिसते. कारण डोळा खोली मोजत नाही, उतार वाचतो. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २००७ मध्ये हीच युक्ती संगणकाला शिकवली: वस्तूंच्या कडांशी खोलीत पडणारे मोठे फरक दाबायचे, बारीक उतार मात्र जपायचे. उथळ पत्र्यावरही भरीव दृश्य उभे राहते.

वस्तूंचे आकार ठरवणाऱ्यांसाठी हे फार मोलाचे आहे. मोटार कारखान्यात रंगवलेल्या पत्र्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब कुठे वाकते ते पाहतात. बोटाला न लागणारा पोचाही त्यात उघडा पडतो. संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत डिझाइनचे काम करू पाहणाऱ्या मुलामुलींनी कॅलिपरइतकीच ही नजरही कमवायला हवी. नमुना तयार झाला की तो वेगवेगळ्या दिशांच्या उजेडात फिरवून पाहावा. ड्रॉइंगवरचे माप जुळले, एवढ्यावर तो पास करू नये.