बिनशब्दांचं पुस्तक, बोलकं मूल

“पुस्तकात एक अक्षर नाही आणि किंमत मात्र एवढी!” पुस्तकांच्या दुकानात नुसत्या चित्रांचं पुस्तक हाती आलं, की आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या तोंडून हेच निघतं. पै-पैचा हिशेब ठेवून संसार करणाऱ्या बाईने असं विचारावं, यात नवल नाही. मेथीची जुडीसुद्धा आपण उलटीपालटी करून घेतो, मग पुस्तक का नको? पण मैत्रिणींनो, या पुस्तकात अक्षरं का नसतात हे समजून घेतलंत, तर ते खाली ठेवण्यापूर्वी तुम्ही दोनदा विचार कराल.

ही पुस्तकं दिसायला चित्रकथेसारखीच. पानावर लहानमोठ्या चौकटी आणि एका चौकटीतून दुसरीत सरकणारी गोष्ट. फक्त पात्रांच्या तोंडून निघणारे शब्दांचे फुगे नसतात आणि खाली मजकूरही नसतो. समजा, पहिल्या चौकटीत काळं मांजर ओट्यावरच्या दुधाच्या पातेल्याकडे बघतंय. दुसरीत झाकण जमिनीवर पडलंय. तिसरीत मांजर पलंगाखाली दडलंय आणि त्याच्या तोंडाला साय लागलीय. मांजराने दूध प्यायलं, असं कुणीही लिहिलेलं नाही. ते चार वर्षांचं पोर आपणहून सांगतं! दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडलं, ते त्याने आपल्या मनाने जुळवलेलं असतं. आधी काय, मग काय, कशामुळे काय झालं, हे जुळवता येणं हा वाचनाचा पायाच आहे. शिवाय डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली नजर फिरवायची सवय लागते, ती वेगळीच.

परदेशात अशी पुस्तकं पुष्कळ निघाली. इंग्लंडच्या रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ १९७८ साली आलं. एक मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं घरभर हिंडतात, आकाशातून उडतात. सकाळी उठून बघतो तो बर्फ वितळून गेलेला. मुलाला त्या क्षणी काय वाटलं, हे लेखकाने एका शब्दाने सांगितलेलं नाही. ते आपल्या पोरांनी सांगायचं. दक्षिण कोरियाच्या सूझी ली यांच्या ‘वेव्ह’मध्ये (२००८) तर समुद्रकाठची एक मुलगी आणि लाट, एवढंच आहे. या सूझी लींना २०२२ साली हॅन्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. बालसाहित्यातला हा जगातला मोठा मान समजतात.

“हे सगळं तिकडचं कौतुक,” असं मात्र म्हणू नका हं! सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी चित्रं एकामागून एक समोर धरून पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी सांगत आले. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. शि. द. फडणीसांची हास्यचित्रं आठवा. बहुतेक चित्रांखाली ओळ नाही, तरी घरातली थोरली-धाकटी एकदमच हसतात. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही त्यांनी चित्रं काढली होती, ती कित्येकांच्या अजून लक्षात असतील. आणि माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ तर मुलांनी चित्र बघून बोलावं यासाठीच केलेलं आहे.

आता आपल्या चंद्रपूरकडे येऊ. खरी गरज मला इथे दिसते. मी एका बालवर्गात अर्धवेळ शिकवते. आपल्या गावात खाणी, वीज केंद्र, कागद कारखाना यांमुळे कुठकुठली माणसं येऊन राहिली आहेत. एका वर्गात किती भाषा! कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी गोंडी. मराठी म्हणावी तर तीही आपली झाडीबोली, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी. तिकडे १९८२ साली आपल्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातली अडतीस-एकोणचाळीस माणसं आदिवासी. भामरागड-एटापल्लीकडे घराघरात माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. आणि शाळेचं पुस्तक बहुतेक ठिकाणी पुस्तकी मराठीतलं!

अशा वर्गात एखादं मूल महिनोन्‌महिने तोंड उघडत नाही. मग त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, त्याला बोलता येत नाही असं थोडंच आहे? त्याला शाळेची भाषा येत नाही आणि शाळेला त्याची. पाचव्या वर्षी बसलेला हा शिक्का पुढे दहावीपर्यंत पुसत नाही. कित्येकदा तर त्याआधीच दप्तर खुंटीला लागतं.

माझ्या वर्गात तेलुगू बोलणाऱ्या घरातली अशीच एक मुलगी होती. हजेरीला फक्त मान हलवायची. एकदा चित्रांचं एक पुस्तक मुलांच्या मधोमध ठेवलं. पान उलटल्याबरोबर ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली, “कुक्का!” बाकीची पोरं ओरडली, “कुत्रा!” झालं, देवाणघेवाण सुरू. आठवडाभरात सगळ्या वर्गाला दोन्ही शब्द पाठ, आणि ही बाई पुढच्या चौकटीत काय होणार ते अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत सांगायला सगळ्यांच्या पुढे! शब्द छापलेले असते, तर ते एकाच भाषेतले असते आणि तिची पुन्हा अडचण झाली असती.

हेच ओळखून बालसाहित्यासाठी काम करणाऱ्या ‘इबी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली इटलीच्या लाम्पेदुसा बेटासाठी देशोदेशींची बिनशब्दांची पुस्तकं गोळा केली. आफ्रिकेतून, पश्चिम आशियातून होड्यांनी निर्वासित तिथे येतात. त्यांच्या पोरांना आणि बेटावरच्या पोरांना एकच पुस्तक मिळून बघता यावं, हा हेतू. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. प्रत्येक बोलीत पुस्तकं छापून होतील तेव्हा होतील. बिनशब्दांचं पुस्तक मात्र आजच सगळ्या भाषांत वाचता येतं.

आणि घरातल्या आजींचं काय? ज्यांना कधी शाळा मिळाली नाही, त्या नातवंडाने पुस्तक आणलं की “आईकडे जा” म्हणतात. त्यांच्या हातात हे पुस्तक देऊन बघा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं मूल असेल, तर पुस्तक त्यांच्या घरीही जाऊ द्या. आपल्या आईलाही वाचता येतं, हे त्या मुलाला दिसणं फार मोठी गोष्ट आहे.

विकत घेणं जमत नसेल, तर घरी करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू घ्या. सहा पुरेत. एकेका पत्रिकेवर एकच चित्र. चित्रकला येत नाही म्हणू नका. गोल डोकं आणि हातापायांच्या चार काड्या चालतात. गोष्ट घरातलीच असू द्या: गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात, आभाळ भरून आलं, सगळ्यांची धावपळ, आणि एक कुरडई कावळ्याच्या चोचीत! कडेला भोकं पाडा, लोकरीने ओवा, झालं पुस्तक. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पानावर एकच मोठं चित्र द्या. चौकटींची गोष्ट चार-पाच वर्षांपासून.

पुस्तक दाखवताना चार गोष्टी सांभाळा. पान मुलालाच उलटू द्या. “हे काय? ते काय?” अशी परीक्षा घेऊ नका, “अगंबाई, आता काय झालं असेल?” एवढं म्हणून गप्प बसा. ते घरच्या बोलीत सांगेल, तसंच सांगू द्या. तिथल्या तिथे शुद्ध मराठी करायला जाऊ नका. आणि कालच्यापेक्षा आज वेगळी गोष्ट सांगितली, तर कौतुकच करा. चित्रातला वाघ बघून शहरातलं पोर हसेल. आपल्या ताडोब्याच्या कडेच्या गावातलं पोर आधी गुरं आत बांधायला सांगेल. दोघांचंही बरोबरच!

अर्थात, याच्या जोडीला शब्दांची पुस्तकं हवीत, रात्रीची गोष्ट हवी, गाणी हवीत. पोळीबरोबर भाजी लागतेच ना? पण एक युक्ती जरूर करा. मूल गोष्ट सांगत असताना ती त्याच्याच शब्दांत वेगळ्या कागदावर लिहून घ्या, ‘पानी’ म्हणालं तर ‘पानी’च लिहा, आणि मग बोट फिरवत त्याला वाचून दाखवा. आपण बोललो तेच इथे कागदावर उमटलंय, हे कळलं की अक्षरं शिकायला ते स्वतःच तुमच्या मागे लागेल. या सुट्टीत करून बघा.