हौदाचे गणित

शाब्दिक उदाहरण दिसले की आपली पेन्सिल थांबते. पण सावकाश वाचले तर मांडणी उदाहरणातच सापडते.

मळ्यात पाणी साठवायला हौद बांधायचा आहे. लांबी रुंदीपेक्षा २ मीटरने जास्त, खोली रुंदीपेक्षा १ मीटरने कमी. घनफळ किती?

रुंदी ठाऊक नाही, म्हणून ती क्ष मीटर मानू. मग लांबी (क्ष + २) आणि खोली (क्ष − १).

घनफळ = क्ष × (क्ष + २) × (क्ष − १)
= क्ष × (क्ष² + क्ष − २)
= क्ष³ + क्ष² − २क्ष

ही झाली बहुपदी. आता ताळा पाहू. क्ष = ३ घेतला, तर ३ × ५ × २ = ३०. बहुपदीतून २७ + ९ − ६ = ३०. जुळले की नाही! १ घनमीटरात १,००० लिटर पाणी मावते, म्हणजे हौदात ३०,००० लिटर.

आता गंमत बघा. घाईत 'दोनने जास्त' ऐवजी 'दुप्पट' वाचले, तर लांबी ६ आणि घनफळ ३६ घनमीटर येते. म्हणजे ६,००० लिटर पाणी फक्त वहीत, हौदात नाहीच! आपल्या इंदापूर तालुक्यात उन्हाळ्यात हे कसे परवडेल?

खोदकामाच्या घनफळाचे गणित फार जुने. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) 'खातव्यवहार' हे प्रकरण त्यासाठीच आहे.

जाता जाता एक प्रश्न : क्ष = १ घेतला तर हौदाचे काय होईल? करून पाहा!