सरपणाला ऊन, चुलीला जाळी

थंडीची लाट आली की मराठवाड्याच्या बातम्यांत परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा किती उतरला, हे आधी येते. नांदेड-लातूरच्या घरांत थंडीचा हिशेब वेगळा मांडला जातो: पहाटे किती बादल्या पाणी तापवायचे आणि कशावर. खोल्या तापत्या ठेवण्याची पद्धत इकडे नाही. इंधन जाते ते आंघोळीच्या पाण्यावर, दुभत्या जनावराच्या आंबोणावर आणि अंगणातल्या शेकोटीवर. घरात गॅस आला तरी मागच्या दारची चूल विझलेली नाही, ती याच कामांमुळे.

चौघांच्या घरात माणशी पंधरा लिटरची एक बादली धरली तर रोज साठ लिटर पाणी लागते. हौदातले पाणी वीस अंशांवरून चाळीसवर न्यायचे तर बाराशे किलोकॅलरी उष्णता हवी. विजेवर याला जवळपास दीड युनिट लागते. गॅसच्या शेगडीवर पावणेदोनशे-एकशेऐंशी ग्रॅम गॅस जातो, म्हणजे 14.2 किलोचे आख्खे सिलिंडर निव्वळ आंघोळीवर अडीच महिन्यांत संपते. केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये उज्ज्वलाच्या अनुदानित सिलिंडरांची मर्यादा वर्षाला 12 वरून 9 वर आणली. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेचे तीन मोफत सिलिंडर आहेत, पण तेही आधी दूध, चहा, कालवणासाठी राखले जातात. आंघोळीच्या पाण्यावर गॅस ‘उडवणे’ ही चैन ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये राज्यातील सुमारे 80 टक्के घरे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती. आकडा खरा आहे, पण प्रश्न फक्त स्वयंपाकाचा विचारला होता. मागच्या दारच्या भगुन्याखाली काय जळते, हे त्यात येत नाही.

तेवढेच पाणी तीन दगडांच्या चुलीवर तापवायला पावणेतीन किलोच्या आसपास सरपण लागते, कारण लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा-बारा टक्के भगुन्यापर्यंत पोहोचते. हाच वाटा तीस टक्क्यांवर नेला तर सव्वा किलोच्या आत भागते. चार महिन्यांच्या थंडीत दोन क्विंटल जळण वाचते. ते वाचवायला यंत्र लागत नाही. लाकूड कसे जळते एवढे कळले तरी बरेच काम होते.

लाकूड खरे तर थेट जळत नाही. तापले की त्यातून वायू निघतात आणि हे वायू पेटले की ज्वाला दिसते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग अशा रीतीने वायू होऊन निघून जातो; उरतो तो निखारा. वायूंना पुरेशी हवा आणि पुरेसा ताव मिळाला तर ते पूर्ण जळतात. यांतले एक जरी कमी पडले तरी तेच वायू धूर होऊन बाहेर पडतात. डोळ्यांत पाणी आणणारा धूर म्हणजे न जळलेले जळणच. त्यामुळे ‘कमी धूर’ आणि ‘कमी सरपण’ या वेगळ्या मागण्या ठरत नाहीत. फक्त धूर नळीतून बाहेर काढून देणारी चूल घर स्वच्छ ठेवते, जळण वाचवत नाही; तिचा धूर शेजाऱ्याच्या अंगणात जातो.

ताव जाण्याचे पहिले कारण ओल. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असते. त्या पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते आणि ज्वाला थंड पडते, म्हणून ओले लाकूड धुमसते. ओलसर किलोभरातून मिळणारी उष्णता वाळलेल्या किलोभराच्या निम्म्यावर येते. इंग्लंडमध्ये मे 2021 पासून वीस टक्क्यांहून जास्त ओलीचे जळाऊ लाकूड किरकोळीत विकायला बंदी आहे. मराठवाड्याला असा कायदा नको, इथले ऊनच पुरेसे आहे. मात्र लाकूड चिरून ढलप्या केल्या तरच ऊन आत पोहोचते. सालीसकट पडून राहिलेला ओंडका वर्षभर आतून ओला राहतो. ढलप्या जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात, डोक्यावर पत्रा टाकावा आणि बाजू मोकळ्या ठेवाव्यात. ताडपत्रीने सगळीकडून गुंडाळलेला ढीग घामेजतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. बद्द आवाज आला तर ओल आहे.

इथे जळते ते नेहमी लाकूडही नसते. किनवट-माहूरकडचे जंगल सोडले तर दोन्ही जिल्ह्यांत, विशेषतः लातुरात, झाडी नावापुरतीच आहे. बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हे खरे सरपण. वेडी बाभूळ शेतकऱ्याच्या शिव्या खाते, पण जड आणि दाट लाकडामुळे जळणात तिचा हात धरणारे झाड या भागात विरळा. तुराट्या भसकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात, म्हणून विस्तव धरायला त्या आणि टिकायला बाभूळ, ही जुनी जोडी योग्यच आहे. पऱ्हाट्यांचा एक पेच आहे. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने कृषी खाते त्या शेतात वा बांधावर रचून ठेवू नका म्हणते आणि घराला तर उन्हाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या हव्या असतात. गोवरी सावकाश जळते, दुधासाठी आणि हुरड्याच्या आगटीसाठी उत्तम. धुराच्या बाबतीत मात्र तिच्यासारखी वाईट तीच.

ताव जाण्याचे दुसरे कारण हवेचा मार्ग. जमिनीवर पेटवलेल्या विस्तवाला खालून हवा मिळत नाही, राखेत निखारे गुदमरतात आणि फुंकणी हाती घ्यावी लागते. चुलीच्या तळाशी लोखंडी जाळी बसवली की खालून हवा येते आणि राख गळून पडते. वर भगुने आणि चुलीचे काठ यांत बोटभर फट ठेवली तर गरम वायू भांड्याच्या अंगाला घासून जातात. चार बोटांची फट असेल तर ज्वाला भांड्याला टाळून वर निघते. लाकडे एकावेळी दोन-तीन, मनगटापेक्षा जाड नकोत, आणि जळतील तशी पुढे सरकवायची. भारतीय मानक ब्यूरोच्या 2013 च्या मानकात पंखा नसलेल्या चुलीला किमान 25 टक्के आणि पंख्याच्या चुलीला 35 टक्के कार्यक्षमता सांगितली आहे. जाळी, फट आणि वाळलेले जळण एवढ्यावर साधी चूल पहिल्या आकड्याच्या बरीच जवळ जाते.

पाणी तापवायच्या साधनांत सगळ्यांत शहाणे साधन मात्र माळ्यावर पडून आहे: तांब्याचा बंब. आत उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा आणि नळीभोवती पाणी. विस्तव पाण्याच्या मधोमध असल्याने उष्णतेला बाहेर सटकायला वाव कमी राहतो. उभी नळी स्वतःच धुराड्याचे काम करते. गरम वायू वर ओढले जातात आणि खालून ताजी हवा आपोआप आत येते. तांबे उष्णता झटकन पाण्याला देते. तोटी सोडली की कढत पाणी मिळते, वरून थंड ओतले की पुढच्याच्या बादलीची सोय होते. उघड्या चुलीवरच्या भगुन्याचा बुडाचा तेवढा भाग तापतो, बंबात नळीची सबंध उंची कामाला लागते. परदेशी बॉयलरच्या पुस्तकात वेगळ्या नावाने हेच तत्त्व शिकवतात. बंबाचे हाल होतात ते वापरणाऱ्यांकडून. नळी वरपर्यंत ठासून भरली की हवा अडते आणि न्हाणीघर धुराने भरते; नळीतली काजळी महिनोन् महिने खरवडली जात नाही आणि काजळीचा थर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. तळाशी तुराट्यांचा जाळ धरून वरून बाभळीचे वीतभर तुकडे थोडे थोडे सोडले आणि आठवड्याला नळीत काथ्याचा कुंचा फिरवला तर बंब जवळजवळ धूर न करता चालतो. एक अट आहे: पाणी नसताना विस्तव घालू नये, झाळण उकलते.

भुशाची शेगडी हा दुसरा विसरलेला प्रकार. पत्र्याच्या डब्याला तळाजवळ एक भोक पाडायचे. मधोमध बाटली उभी करायची, भोकातून आडवे लाकूड बाटलीच्या बुडापर्यंत सरकवायचे आणि भोवती वखारीतला लाकडाचा कोरडा भुसा ठोकून ठोकून भरायचा. मग बाटली फिरवत अलगद वर काढायची, लाकूडही ओढून घ्यायचे. उरलेल्या पोकळीत खालून जाळ लावला की भुसा आतल्या कडेने हळूहळू जळत जातो, एकदा भरला की काही तास पुरतो. भुसा सैल भरला तर मधेच ढासळून धूर होतो. सगळी कला ठोकण्यात आहे.

सरकारी प्रयत्नांची कथा वेगळी आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 मध्ये सुरू झाला, 2002 मध्ये केंद्राने हात काढून घेतला. तोवर साडेतीन कोटींच्या आसपास चुली बसल्याची नोंद झाली. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने साच्यातून काढायच्या लक्ष्मी, भाग्यलक्ष्मी, गृहलक्ष्मी अशा चुली तयार केल्या. रचना चांगल्या होत्या, पण उद्दिष्ट चुली बसवण्याचे होते, त्या चालत्या ठेवण्याचे नव्हते. धुराडे महिन्याला साफ करावे लागते. नळी तुंबली की निर्धूर चूल जास्तच धूर करते. पावसाळ्यात नळीभोवती छत गळले की आधी नळी काढली जाते. शिवाय भाकरी तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर फुगवायची असते. अरुंद तोंडाच्या चुलीत ती जागाच राहत नाही. ओडिशात अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असेच दिसले: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही, कारण चुली वापरल्या गेल्या नाहीत की दुरुस्त केल्या गेल्या नाहीत.

लातूरला एक वेगळा प्रयोग पाहायला मिळाला. किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे महिलांचे जाळे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पसरले होते. ब्रिटिश पेट्रोलियमने 2006 च्या सुमारास या बायांमार्फत ‘ऊर्जा’ चूल गावोगाव विकली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. मुकुंदा यांच्या गटाने केलेली ही रचना: बॅटरीवरचा छोटा पंखा, वरून पेटवायचे जळण, खालून थोडी हवा वायू काढायला आणि वरच्या भोकांतून दुसरी हवा ते वायू जाळायला. ज्वाला जवळजवळ गॅससारखी. वेगवेगळ्या राज्यांत मिळून चार लाखांच्या घरात चुली विकल्या गेल्या. विकणाऱ्या बाया स्वतः त्यावर रांधून दाखवत, त्यामुळे विश्वास बसला.

घोड्याने पेंड खाल्ली ती जळणात. ही चूल बाभूळ खात नव्हती, तिला भुईमुगाच्या टरफलांचे आणि बगॅसचे, म्हणजे उसाच्या चिपाडाचे, दाबून केलेले पेलेट लागत. साखर कारखाने बगॅस जाळून वीज करू लागले, बगॅस महागले, पेलेटचा भाव चढत गेला. ब्रिटिश पेट्रोलियमने 2009 मध्ये हा धंदा सोडला. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने तो हॉटेलांकडे वळवला. घरात चूल राहिली आणि तिच्या तोंडी घालायला काही उरले नाही. फुकटच्या तुराट्या सोडून विकतच्या इंधनावर आणलेल्या घराला भाव वाढताच परत तुराट्यांकडे जावे लागले. रचना उत्तम होती. चुकला तो पुरवठ्याचा विचार.

जळण मुळात कमी नाही. एका हेक्टर उसातून दहा टनांच्या आसपास पाचट निघते, आणि मांजरा काठच्या लातुरात ऊस किती आहे हे सांगायला नको. बरेचसे पाचट फडातच पेटवले जाते. ‘आरती’चे संस्थापक आनंद कर्वे यांनी याच पाचटाचा बंद पिंपात कोळसा करून कांड्या पाडण्याची पद्धत बसवली, तिला 2002 चे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेच्या सराई कुकरमध्ये शंभर-दीडशे ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा डाळ-भात वाफेवर शिजतो. एवढी सोपी वाट असताना हंगामात लातूरचे आकाश पाचटाच्या धुराने काळे व्हावे, याचे समर्थन अवघड आहे.

अलीकडे कार्बन क्रेडिटच्या पैशावर लोखंडी चुली फुकट वाटण्याची नवी लाट आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये तपासलेल्या चूल-प्रकल्पांत दाखवलेली बचत प्रत्यक्षाच्या नऊ पट निघाली. फुकट मिळालेली चूल घ्यायला हरकत नाही. तिची जाळी जळाली तर गावातला लोहार बदलून देऊ शकेल का, एवढे मात्र आधी विचारावे.

शेवटी खोलीतल्या उबेविषयी. जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंती दिवसाचे ऊन रात्रीपर्यंत धरत आणि छतातल्या साण्यातून धूर निघून जाई. दगड-मातीची तीच घरे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी भूकंपात जीवघेणी ठरली आणि त्यांची जागा स्लॅब व पत्र्यांनी घेतली, ते अपरिहार्य होते. या नव्या खोल्यांना साणे नाही. बंद दाराआड ठेवलेल्या शेगडीतल्या लाल निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. थंडीत शेकायचे ते अंगणात शेकावे. शेगडी आत आणायचीच झाली तर खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढावी. बाळंतिणीच्या खोलीत तर हे कटाक्षाने पाळावे.